जी लीगमध्ये खरंच खेळाडू घडतात का?

डावखुरा
जी लीग म्हणजे बास्केटबॉलच्या एनबीएखालची, तिच्या संघांच्या उपसंघांची लीग. फिनिक्सनेही 2024 मध्ये उपसंघ काढला. आता एनबीएच्या तिसांपैकी एकही संघ जी लीगमध्ये उपसंघाशिवाय नाही. 2001 साली आठ संघांवर सुरू झालेली ही लीग इथवर आली, याचं मलाही कौतुक आहे. पण विषय निघाला की जो तो टोरांटोकडून पुढे आलेल्या पास्कल सियाकमचं नाव घेतो, "बघा, उपसंघात घडला" म्हणतो, तिथे माझं घोडं अडतं.

सियाकम 2016 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, 27 वा, म्हणजे पहिल्या फेरीतला. टोरांटोचा पैसा त्याच्यावर आधीच लागलेला. पहिल्याच मोसमात वरच्या संघात 38 वेळा सुरुवातीच्या पाचात होता. जागा गेल्यावर त्याला टोरांटोच्या उपसंघात, रॅप्टर्स 905 मध्ये पाठवलं, तिथे 2017 चं विजेतेपद मिळालं आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. छान. आता त्याच संघातला एडी टवारेस घ्या. सात फूट तीन इंच उंची, त्याच मोसमात लीगचा सर्वोत्तम बचावपटू. त्याला काय मिळालं? क्लीव्हलंडकडून एक सामना. मग तो रेआल माद्रिदला गेला आणि 2018 व 2023 ची युरोलीग, म्हणजे युरोपातली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा, जिंकला.

एकाचे हक्क टोरांटोकडे होते, दुसऱ्याचे नव्हते. माझं म्हणणं एवढंच, की उपसंघ ही मूळ संघाची सोय आहे. ज्याच्यावर पैसा लावलाय त्याला घासूनपुसून घ्यायचं, बाकीचे सरावाला पाच-पाच भरावेत म्हणून.

मिसिसागाकर
टवारेसचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. अटलांटाने सोडून दिलेला माणूस तो. बाकावर बसण्याऐवजी 905 मध्ये मोसमभर खेळला. आणि त्याच संघातला फ्रेड व्हॅनव्हलीट कुठे गेला तुमच्या पोस्टमधून? त्याला तर ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. 2019 च्या अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात त्याने 22 गुण केले आणि टोरांटो जिंकलं.

मी राहतो तिथूनच 905 चं मैदान जवळ आहे, म्हणून सांगतो. हॉल लहान, पुढच्या रांगेत बसलं की कोचच्या हाका ऐकू येतात. पोरगा चुकीच्या कोपऱ्यात उभा राहिला की चेंडू आपल्याकडे असतानाच त्याच्या नावाने ओरडा होतो. वर एनबीएत हा वेळ कुणाला आहे? 82 सामने, मधे प्रवास, सराव जवळजवळ नाहीच. नवख्याने शिकायचं कधी?

हिशेबनीस
शिकायचं ठीक, खायचं काय? 2018-19 मध्ये जी लीगचा साधा करार पाच महिन्यांना 35,000 डॉलरचा होता. राहायची सोय आणि विमा संघाकडून, हे मान्य. टू-वे करारवाल्याला, म्हणजे वरच्या संघात आणि उपसंघात दोन्हीकडे खेळणाऱ्याला, 2024-25 मध्ये साधारण 5.78 लाख डॉलर. म्हणजे बस एकच, कोच एकच, आणि शेजारी बसलेल्याचा पगार दहापटीहून जास्त. टू-वेच्या जागा संघामागे फक्त तीन. त्यातही वरच्या संघात जास्तीत जास्त 50 सामने, आणि पक्का करार झाल्याशिवाय प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरची बाद फेरी, नाही. पडेल ते काम करणारा माणूस एनबीएतल्या नवख्याच्या किमान पगाराच्या अर्ध्या किमतीत मिळतो, मग संघ नाही कशाला म्हणतील?

रिबाउंडराव
हिशेबनीस, एक गोष्ट राहिली. ज्याच्याकडे एनबीए करार नाही, त्याला तिसांपैकी कुठलाही संघ उचलू शकतो. ह्यूस्टनच्या उपसंघात खेळणाऱ्यावर ह्यूस्टनची मालकी नसते. "मूळ संघाची सोय" म्हणताना हे विसरू नका.

शिवाय घडतात ते फक्त खेळाडू नाहीत, कोचही घडतात. निक नर्स आयोवाबरोबर 2011 मध्ये आणि रिओ ग्रांदे व्हॅलीबरोबर 2013 मध्ये ही लीग जिंकला, मगच टोरांटोला पोचला. क्रिस फिंचही रिओ ग्रांदे व्हॅलीचाच.

वरळीवाली
2019 मध्ये एनबीए वरळीच्या डोममध्ये खेळायला आली तेव्हा मीही टाळ्या पिटल्या. पण आपल्याकडच्या पोरांचं काय झालं ते बघा ना. सतनाम सिंग 2015 ला 52 वा निवडला गेला, डॅलसच्या उपसंघात, टेक्सास लेजंड्समध्ये, दोन मोसम होता. एनबीएचा एकही सामना नाही. आज कुस्तीच्या रिंगणात आहे. प्रिन्सपाल सिंगला जी लीगच्या इग्नाइट संघात घेतलं, खूप गाजावाजा झाला. तो संघच 2024 मध्ये बंद. डावखुरांशी मी सहमत, फोटोपुरतं घेतात.

रिबाउंडराव
सतनामबद्दल हळहळ मलाही आहे, पण दोष लेजंड्सचा नाही. त्याच काळात खेळ बास्केटजवळून लांब, तीन गुणांच्या रेषेकडे सरकला. सात फुटी सेंटरने, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूने, त्या रेषेपर्यंत धावत जाऊन अडवायचं, हे त्याच्या अंगाला मानवणारं नव्हतं. दोन मोसम मिळाले, हे काही कमी नाही. आणि इग्नाइट कुणाचाच उपसंघ नव्हता, कॉलेजऐवजी पैसे घेऊन खेळणाऱ्या पोरांचा संघ होता. कॉलेजच्या खेळाडूंनाच जाहिरातीचे पैसे मिळायला लागल्यावर तिकडे कोण जाणार?

डावखुरा
इग्नाइटचं मान्य, तो वेगळा विषय. पण मिसिसागाकर, टवारेस तुमच्या गावात नाही घडला, तो आधीच ग्रान कनारियाकडून स्पेनमध्ये खेळून आलेला. माझा खरा मुद्दा तोच आहे. एनबीएचे स्टार घ्या, योकिच सर्बियात घडला, डॉन्चिच माद्रिदमध्ये, जिथे हरलं की प्रेक्षक शिव्या घालतात. जी लीगमध्ये निकालाचं कुणाला पडलंय? संघ जमतो न जमतो तोच वरून बोलावणं येतं आणि चांगले दोघे निघून जातात. मागे उरलेला प्रत्येक जण स्वतःचे आकडे वाढवत बसतो.

मिसिसागाकर
आकडे वाढवणाऱ्याला वर कुणी नेत नाही. वर गुण करायला स्टार बसलेत की. लू डॉर्ट बघा. 2019 च्या ड्राफ्टमध्ये नाव नाही, ओक्लाहोमाचा टू-वे करार, उपसंघ ब्लू. त्याच मोसमात प्लेऑफच्या सातव्या सामन्यात ह्यूस्टनचा स्टार जेम्स हार्डनला अडवलं आणि 30 गुणही केले. 2025 च्या विजेत्या संघातही तो सुरुवातीच्या पाचात. अडवायचं काम मन लावून करतो, म्हणूनच टिकला.

डावखुरा
डॉर्ट ब्लूकडून किती खेळला ते पण सांगा. मोसम निम्मा सरायच्या सुमारास तो वरच्या संघात सुरुवातीच्या पाचात होता. एवढ्यात घडला?

मिसिसागाकर
एवढ्यात तयार झाला, हेच तर सांगतोय. तेवढे आठवडे बाकावर काढले असते तर जागा रिकामी झाल्यावर कोचने त्याला उतरवलंच नसतं.

डावखुरा
उतरवलं असतं. दुसरं होतं कोण त्यांच्याकडे हार्डनला अडवायला?