डावी-उजवी नजर आणि ब्रेनस्टेम: तुमचे अनुभव लिहा

उजवीकडे बघताना उजवा डोळा बाहेर जातो, डावा नाकाकडे येतो. दोघांना एकत्र हलवणारं केंद्र पॉन्समध्ये, म्हणजे ब्रेनस्टेमच्या (मेंदूच्या देठाच्या) मधल्या भागात आहे: सहाव्या नर्व्हचं न्यूक्लियस (पेशींचा पुंजका). तिथून एक वाट त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या स्नायूकडे, दुसरी मध्यरेषा ओलांडून एमएलएफमधून (ही दोन न्यूक्लियस जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्यातून) वर, विरुद्ध बाजूच्या तिसऱ्या नर्व्हच्या न्यूक्लियसकडे; ती नर्व्ह त्या डोळ्याला नाकाकडे ओढते. पाठ सगळ्यांनाच असतं, पण समजलं कधी? डॉक्टर, रुग्ण, घरचे, कोणीही लिहा. रुग्णाची ओळख मात्र नको.

रात्रपाळी: रेसिडेन्सीतली तरुण रुग्ण, तक्रार नुसती गरगरण्याची. डावीकडे बघ म्हटलं की उजवा डोळा मध्येच थबकायचा आणि डावा बाहेर जाऊन थडथड उडायचा. उजवीकडे बघताना याच्या उलट. सर म्हणाले, "उडणारा सोड, अडलेला बघ." मग नाकाजवळ बोट धरलं, तर दोन्ही डोळे छान आत आले! म्हणजे स्नायू शाबूत, तिसरी नर्व्ह शाबूत. तुटलंय ते एमएलएफ, तेही दोन्हीकडचं. या वयात असं दिसलं की मल्टिपल स्क्लेरोसिस (नर्व्हच्या तंतूंवरचं आवरण खराब करणारा आजार) आधी आठवावं. एमआरआयत तेच निघालं.

तिरपागडा: मला हेच झालं होतं, पण एका बाजूला, छोट्या स्ट्रोकनंतर. समोर बघताना काही त्रास नाही. नजर झटकन बाजूला नेली की एक चित्र मागे रेंगाळायचं आणि मग येऊन जुळायचं. चष्म्याचा नंबर बदलून काही फरक पडला नाही, पडणारही नव्हता. एक डोळा झाकला की बरं वाटे. हळूहळू सुधारलं.

रात्रपाळी: नुसती सहावी नर्व्ह गेली तर एकच डोळा बाहेर जात नाही, आणि लांबचं जास्त दुहेरी दिसतं. न्यूक्लियसच गेलं तर दोन्ही डोळे त्या बाजूला जात नाहीत. दोघे सारखेच अडल्यामुळे सहसा दुहेरी दिसत नाही, म्हणून रुग्ण तक्रारही करत नाही. त्याच बाजूचा चेहरा लुळा आहे का बघा. चेहऱ्याची सातवी नर्व्ह त्या न्यूक्लियसला वळसा घालूनच बाहेर पडते.

मोठी लेक: बाबांच्या पॉन्सला मोठा स्ट्रोक झाला. हात, पाय, बोलणं, सगळं थांबलं. डोळे डावी-उजवीकडे हलेनात, म्हणून आम्ही धरून चाललो की त्यांना शुद्ध नाही. एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी "वर बघा" म्हटलं आणि बाबांनी वर बघितलं. वर-खाली नजरेची केंद्रं पॉन्सच्या वर, मिडब्रेनमध्ये असतात, हे नंतर कळलं. मग वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. पहिलं काय विचारलं असेल? दुखतंय का. उत्तर हो होतं, आणि तोवर कोणी विचारलंच नव्हतं.

दीडशहाणा: माझं नाव ज्यावरून घेतलंय ते राहिलंच! न्यूक्लियस आणि त्याच बाजूचं एमएलएफ, दोन्ही गेलं तर त्या बाजूचा डोळा आडवा हलतच नाही, दुसरा फक्त बाहेर जातो. हा वन-अँड-अ-हाफ सिंड्रोम. न्यूरोलॉजिस्ट मिलर फिशर यांनी 1967मध्ये हे नाव दिलं. शिवाय, एमएलएफ गेल्यासारखं दिसतंय पण पापणी दिवसभरात उतरत जाते, असं असेल तर आधी मायस्थेनिया (स्नायू लवकर थकवणारा आजार) तपासा. तो हुबेहूब नक्कल करतो, आणि त्यात ब्रेनस्टेम अगदी ठणठणीत असतो.