मदत हवी आहे : डांबरी रस्त्यावर फिरायला स्वस्तातली हायब्रिड सायकल, दोन्हींतली कोणती घेऊ?

रानजाई
मंडळी, शनिवारपर्यंत ठरवायचंय म्हणून घाईत विचारतेय. दोन हायब्रिड (म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधल्या) सायकली बघून ठेवल्यात, किंमत जवळपास सारखीच. पहिलीला पुढे शॉकअप, डिस्क ब्रेक आणि २१ गिअर. दुसरीला शॉकअप नाही, साधे व्ही-ब्रेक (चाकाच्या रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे) आणि गिअर फक्त ८. तेवढ्याच पैशांत पहिलीत जास्त मिळतंय, तरी दुकानदार म्हणतो दुसरी घ्या. याहून महाग परवडणार नाही. पहिली की दुसरी?

जुना_पेडल
तुमची उंची? रोज किती अंतर? रस्ता सपाट की चढउताराचा? दोन्हींच्या फ्रेमची साईज काय? टायर किती रुंद? एवढं सांगा, मग बोलता येईल.

चाकोरी
दोन्ही नकोत. तेवढ्या पैशांत वापरलेली, वरच्या दर्जाची सायकल मिळेल. माझ्या दोन्ही सायकली वापरलेल्याच आहेत आणि एकदाही पस्तावलो नाही.

जुना_पेडल
चाकोरी, तुम्हाला पारख आहे म्हणून जमलं. चेन झिजलेली आहे का, रिम वाकडी आहे का, फ्रेमला जोडाजवळ तडा आहे का, हे नवख्या माणसाने कसं ओळखायचं? झिजलेल्या चेनने मागची चक्रंही खाल्लेली असतात, मग दोन्ही बदलावी लागतात.

चाकोरी
सोबत जाणकार माणूस न्यायचा. त्यात काय एवढं?

एकच_गिअर
सपाट रस्ता असेल तर बिनगिअरची घ्या. गिअर नाहीत म्हणजे केबल नाही, सेटिंग नाही, बिघाड नाही. मी सहा वर्षं चालवतोय.

रानजाई
अहो, मी एवढंच विचारलंय की पहिली की दुसरी. वापरलेली नको, बिनगिअरचीही नको, वाटेत एक चढ आहे. रोज सकाळी ७-८ किमी, डांबरी रस्ता, थोडे खड्डे. टायर दोन्हींचे ७०० × ३८ लिहिलेत, म्हणजे ३८ मिमी रुंद. उंची ५ फूट १ इंच.

निळी_घंटा
डिस्क ब्रेकवाली घ्या. पावसात व्ही-ब्रेकचे रबर ओल्या रिमवर आधी पाणी पुसतात आणि मग धरतात. तेवढ्या वेळात गाडी समोर येते.

जुना_पेडल
डिस्क चांगलीच, पण कुठली? या किमतीत केबलवरची मिळते, तेलावरची नाही. केबलवरच्या स्वस्त डिस्कचं पॅड झिजलं की सेटिंग करत बसा, नाहीतर चकती घासून किर्र किर्र वाजते. चेनला मारायच्या तेलाचा फवारा चुकून चकतीवर उडाला तर ब्रेकच लागत नाही. व्ही-ब्रेकचे रबर घरच्या घरी दहा मिनिटांत बदलता येतात.

निळी_घंटा
रिम जरा वाकडी झाली की तुमचे तेच रबर दर फेऱ्याला घासतात. ते नाही सांगितलंत.

जुना_पेडल
बरोबर आहे. ते सांगायला हवं होतं.

सावलीतला
शॉकअप हवाच कशाला? डांबरी रस्त्यावर ३८ चं टायर पुरतं. स्वस्तातल्या शॉकअपमध्ये नुसती स्प्रिंग असते, सायकल दीडएक किलोने जड होते आणि चढावर उभं राहून पेडल मारलं की तुमचा जोर तीच स्प्रिंग गिळते. दुकानात पुढचा ब्रेक धरून हँडल दाबून बघा. सायकल खाली बसते, तशी प्रत्येक जोराला बसणार.

रानजाई
पण मैत्रिणीची सायकल चालवली तेव्हा मनगटं दुखली होती, म्हणून शॉकअप बघतेय. आणि हो, सायकल रोज दुसऱ्या मजल्यावर न्यायची आहे, लिफ्ट नाही.

सावलीतला
ताई, हे पहिल्यांदा सांगायचं होतं!

जुना_पेडल
फ्रेमची साईज अजून सांगितली नाहीत.

रानजाई
पहिलीत एकच शिल्लक आहे, १८ इंची. दुसरी १५ मध्ये मिळतेय. सीट खाली करता येते ना, मग काय फरक पडतो?

पायवाट
इतके दिवस नुसती वाचत होते, पण यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझी उंची ५ फूट २ आणि मी १८ चीच घेतली होती, सीट खाली करू असं म्हणूनच. सीट खाली होते, हँडल जवळ येत नाही. पुढे ताणून बसावं लागायचं. शरीराचा भार तळव्यांवर. तिसऱ्या आठवड्यात करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं, घरी आल्यावर कपाचा कान नीट धरता येईना. डॉक्टरांनी सांगितलं, तळहाताच्या कडेने जाणारी नस दाबली जातेय. जाड ग्रिप घेतल्या, हातमोजे घेतले, जेलची सीट घेतली. शेवटी फ्रेम बदलली तेव्हा थांबलं. तुमच्या मैत्रिणीची उंची किती आहे?

रानजाई
पाच-सहा तरी असेल. माझीही करंगळीच झिणझिणत होती, पण सायकलिंगची सवय नाही म्हणून असेल असं वाटलं.

पायवाट
सवयीचा प्रश्न नाही, सायकल मोठी होती. घरी पाठ भिंतीला टेकवून अनवाणी उभ्या राहा, एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये सीटसारखं वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. फ्रेमच्या वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय जमिनीवर ठेवून उभं राहिलं की तिथे नळीची उंची यापेक्षा निदान ३ सेंमी कमी हवी. मग सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला की सीटची उंची साधारण बरोबर. शेवटी हँडल धरा. कोपर ताठ होत असेल तर ती सायकल तुमची नाही, मग तिला कितीही गिअर असोत.

एकच_गिअर
+१. बिनगिअरची घेतलीत तरी हे मोजाच.

हवापंप
पंक्चरसाठी ट्यूबमध्ये सीलंट भरून घ्या. छोटी छिद्रं आपोआप बुजतात.

रानजाई
पंक्चरचं कोणी विचारलं? मोजलं, ६९ सेंमी. मग ८ गिअर चढाला पुरतील का? २१ सोडायचे जिवावर येतंय.

सावलीतला
२१ म्हणजे पुढे ३ गुणिले मागे ७. त्यातली बरीच जोडणी एकमेकींच्या इतकी जवळ असते की पायाला फरक कळत नाही, आणि पुढचं मोठं चक्र अन् मागचं मोठं चक्र लावलं की चेन तिरकी ओढली जाते. आकडा सोडा. मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे दात मोजा आणि पुढच्याचेही. पुढचे ३८ आणि मागचे ३४ असले तर नेहमीचा चढ बसून चढाल.

जुना_पेडल
अजून एक. मागे ७ गिअरवाल्या स्वस्त सायकलींत बहुतेक वेळा फ्रीव्हील असतं, म्हणजे चक्रांचा गठ्ठा हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्याने बसवलेला. त्यात उजव्या बाजूची बेअरिंग आत राहते आणि एक्सलवर ताण येतो, खड्ड्यांत तो वाकतो. ८ ला कॅसेट, म्हणजे हबच्या खाचांवर सरकवून बसवलेली चक्रं, असेल तर ते भक्कम. फक्त दुकानात विचारून खात्री करा, ८ चं फ्रीव्हीलही मिळतं.

रानजाई
मोजून आले. पुढे ३८, मागे ३४, कॅसेटच आहे. पहिलीच्या नळीवर उभीच राहता येईना, टाचा उचलाव्या लागल्या. दुसरीवर कोपर सैल राहिलं. दुसरी घेतली. जिन्यावरून एका हाताने वर आणली.

पायवाट
फार बरं वाटलं वाचून. टायरवर लिहिलेला हवेच्या दाबाचा सगळ्यात मोठा आकडा गाठेपर्यंत हवा भरू नका, थोडी कमी ठेवा. मनगटांना तोच शॉकअप.

रानजाई
भरली कमी. पण आज चौथ्या दिवशी तिसऱ्या गिअरला मागून टिकटिक येतेय. पुन्हा दुकानात नेऊ का?

सावलीतला
नवी केबल सुरुवातीला जरा ढिली पडते, सगळ्यांचीच. मागच्या गिअरच्या यंत्राला केबल शिरते तिथे एक छोटी गोल चावी असते. मागून बघत ती घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवा आणि हाताने पेडल फिरवून ऐका.

रानजाई
अर्ध्याने नाही थांबलं. अजून पाव फिरवला तेव्हा गेली. चढावर उद्या बघते.