ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प: मुलांना जवळ घेता येतील अशा कोंबड्या परसात पाळायच्या आहेत

भोर-परसदार

नमस्कार मंडळी. भोरजवळ आमचं घर आहे. मागे साधारण दीड गुंठा मोकळं परस, तारेचं कुंपण आणि एक जुना आंबा. पूर्वी सासूबाईंच्या गावठी कोंबड्या होत्या. अंडी द्यायच्या, पिल्लंही उत्तम वाढवायच्या, पण माणूस जवळ गेला की थेट कौलांवर. आता मुलगी सहा वर्षांची आहे. तिला मांडीवर घेऊन बसता येईल अशा कोंबड्या हव्यात आणि घरापुरती अंडी मिळावीत, एवढीच अपेक्षा आहे.

ओळखीच्या एकांनी ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प सुचवली. आमच्या आठवडी बाजारात एक माणूस त्या नावाने काळी पिल्लं विकतो, पण तशीच पिल्लं तो मागे कडकनाथ म्हणून विकत होता, त्यामुळे भरवसा वाटत नाही. ही जात खरंच शांत असते का? एक दिवसाची पिल्लं घ्यावीत की अंड्यावर आलेल्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या? आणि कोंबडा ठेवावाच लागतो का?

आजऱ्याहून

ताई, ही जात मी बरीच वर्षं सांभाळते आहे आणि माझ्या फार जिव्हाळ्याची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पक्षी ओळखायला शिका. ऑस्ट्रॉलॉर्प काळी असते, पण उन्हात पिसांवर हिरवी झाक दिसते. तुरा आणि चोचीखाली लोंबणारी कातडी लालभडक. अंगाची कातडी पांढरी. पाय काळपट, मात्र तळवे पांढरे. कडकनाथाचा तुरा, कातडी, जीभ सगळंच काळपट असतं, त्यामुळे मोठा पक्षी हातात घेऊन पिसं बाजूला केली की शंका राहत नाही. एक दिवसाचं ऑस्ट्रॉलॉर्प पिल्लू पाठीवर काळं आणि पोटाला, पंखांच्या टोकांना पिवळट पांढरं असतं. कडकनाथ चांगला पक्षी आहे, पण बुजरा आणि उडणारा. तुमच्या लेकीच्या मांडीवर तो बसायचा नाही.

बाजारात कुणी वर्षाला 300 अंडी सांगेल. तो आकडा कुठून आला तेही सांगते. इंग्लंडमधल्या केंटमध्ये विल्यम कुक यांनी 1886 च्या सुमारास ऑर्पिंग्टन ही जात तयार केली. त्यातल्या काळ्या पक्ष्यांना ऑस्ट्रेलियात नेऊन तिथल्या लोकांनी अंड्यांसाठी निवडत नेलं आणि ऑस्ट्रॉलॉर्प झाली. तिथे 1922-23 मध्ये सहा कोंबड्यांच्या एका गटाने 365 दिवसांत 1857 अंडी दिली, म्हणजे एकीमागे 309 च्या वर. ते निवडक पक्षी होते आणि त्यांच्या खुराकाची बारीक काळजी घेतलेली होती. परसातल्या कोंबडीकडून भर असताना आठवड्याला चार-पाच अंडी धरा आणि पिसं झडायला लागली की काही आठवडे बंद. तुमच्या घराला चार कोंबड्या पुष्कळ झाल्या.

पिल्लं एक दिवसाचीच घ्या. तुम्हाला माणसाळलेली कोंबडी हवी आहे आणि तो स्वभाव पहिल्या तीन आठवड्यांत घडतो. तलंग आणली तर ती शांत असेल, पण तुमची व्हायला महिने जातील. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र पुण्यात खडकीला आहे, तुम्हाला ते जवळ पडेल. कुठली जात कधी निघणार आहे ते आधी विचारून नाव नोंदवा. पिल्लं नर-मादी न निवडता मिळतात, म्हणजे निम्मे कोंबडे निघणार हे धरूनच चला. चार कोंबड्या हव्या असतील तर दहा पिल्लं आणा. सहा ते आठ आठवड्यांत कोंबड्यांचा तुरा मोठा आणि लाल होतो, तेव्हा ते ओळखू येतात. त्यांचं पुढे काय करायचं, विकायचे की खायचे, हे घरात आधीच ठरवा आणि लेकीलाही आधीच सांगा. मुलांना खरं सांगितलेलं पेलतं. शाळेतून आल्यावर खुराडं अर्धं रिकामं दिसणं फार वाईट.

आता माणसाळवण्याचं. पिल्लांचं खोकं जमिनीवर ठेवू नका, टेबलावर किंवा ओट्यावर ठेवा. वरून येणारा हात पिल्लाला घारीसारखा वाटतो आणि ते आयुष्यभर हाताला भितं. खोकं उंच असेल तर हात बाजूने जातो. खाली भाताचं तूस, वर बल्ब. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर 35 अंशांच्या आसपास ऊब हवी, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिल्लं बल्बखाली ढीग करून बसली तर त्यांना थंडी वाजते आहे, चोच उघडी टाकून कडेला पळाली तर गरम होतं आहे. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा.

दाणा घालताना दर वेळी एकच हाक द्या. आमच्याकडे "ती ती ती" म्हणतात. तुम्ही काहीही म्हणा, पण घरातल्या सगळ्यांनी तेच म्हणायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून भिजवलेली कणी तळहातावर घेऊन हात नुसता आत ठेवून बसा. पकडायचं नाही. पिल्लू स्वतः तळहातावर चढेपर्यंत थांबायचं, आणि चढल्यावरही लगेच उचलायचं नाही. यात सगळ्यात अवघड काम लहान मुलीचं असतं, पण मुली हे आपल्यापेक्षा मन लावून करतात. वाळवी मिळाली तर फारच छान. मडक्यात शेण आणि ओलं पोतं भरून वारुळाजवळ पालथं घातलं की रात्रीत वाळवी भरते. वाळवीसाठी पिल्लं हातावर तुटून पडतात, आणि तो हात ती विसरत नाहीत.

मोठ्या झाल्यावर एकच नियम आहे, कोंबडीच्या मागे कधी धावायचं नाही. औषधाला किंवा तपासायला धरायची असेल तर अंधार पडल्यावर त्या झोपायला बसतात त्या दांडक्यावरून उचला. अंधारात त्यांना दिसत नाही, त्या शांतपणे हातात येतात. धरताना एक तळहात छातीखाली, पाय बोटांमध्ये, पंख अंगाशी दाबलेले. मुलीला आधी जमिनीवर बसवा आणि कोंबडी तिच्या मांडीवर ठेवा. उभ्याने घेतलेली कोंबडी सुटली की पडते, आणि ही जात अंगाने जड आहे. नंतर साबणाने हात धुणं हवंच, आणि पिल्लाचा मुका घेऊ द्यायचा नाही, त्यांच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असतात.

कोंबड्याबद्दल. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, पिल्लं काढायची असली तरच लागतो, तोही आठ-दहा कोंबड्यांना एक. ठेवलात तर कृपा करून त्याला लाडावू नका. हातावर वाढलेला कोंबडा वयात आला की माणसाला भीत नाही, बरोबरीचा समजून अंगावर येतो, आणि त्याची झेप सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडापर्यंत पोचते. तुमच्या घरी लहान मूल आहे, मी तर म्हणेन कोंबडा नकोच.

खुराड्यात एका पक्ष्याला दोन-तीन चौरस फूट जागा द्या. बसायचं दांडकं दोन फुटांच्या वर नको, जड पक्षी उंचावरून उड्या मारून तळव्याला फोड आणतात. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड घ्या आणि फूटभर जमिनीत पुरा. षटकोनी जाळीतून पिल्लं बाहेर येत नाहीत, पण मुंगसाचं पोर आणि उंदीर आत जातात.

वर्धेकर

आजऱ्याच्या ताईंनी लिहिलं ते पटलं, पण आजऱ्याचा पाऊस आणि गारवा सगळ्यांकडे नसतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. काळा, जड पक्षी दुपारी बारानंतर पंख पसरून धापा टाकत बसतो. मी ऑस्ट्रॉलॉर्प ठेवल्या होत्या. स्वभावाला तोड नाही, माझ्या चपलेवर येऊन बसायच्या. पण उन्हाळ्यात जीव वाचवणं हेच काम होऊन बसतं. आता गावठी आणि ऑस्ट्रॉलॉर्पच्या संकराच्या कोंबड्या आहेत. थोड्या चपळ आहेत, पण उन्हात तग धरतात. विदर्भातल्या कुणी हा धागा वाचून शुद्ध पक्षी आणायचं ठरवलं असेल तर आधी सावलीचा विचार करा.

आजऱ्याहून

दादा, अगदी बरोबर, आणि हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. कोंबडीला घाम येत नाही, धाप टाकूनच ती अंग थंड करते. त्या धापेत रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच बनायला लागणारं कार्बोनेट अपुरं पडतं, म्हणून उन्हाळ्यात अंड्यांची कवचं पातळ येतात. नुसता शिंपल्यांचा चुरा वाढवून ते भरून निघत नाही, गारवाच द्यावा लागतो.

भोरच्या ताईंकडे आंबा आहे, ही मोठी जमेची बाजू. खुराडं त्याच्या पूर्वेला घाला, म्हणजे दुपारनंतरची सावली मिळेल. मार्च ते मे दाणा पहाटे आणि संध्याकाळी घालायचा, भर दुपारी नाही, कारण अन्न पचताना अंगात उष्णता वाढते. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, दिवसातून दोनदा बदलून. झाडाखाली ओली माती उकरून दिलीत तर त्या स्वतःच खड्डा करून पोट टेकतात.

भोर-परसदार

सगळ्यांचे मनापासून आभार. खडकीला चौकशी करते. दहाच पिल्लं आणायची आणि कोंबडा ठेवायचा नाही, हे ठरलं. एकच राहिलं. मानमोडी (राणीखेत) रोगाची लस 100 पक्ष्यांची कुपी असते असं दवाखान्यात सांगितलं. दहा पिल्लांसाठी करायचं काय?

खाडीकाठ

आमच्या वाडीत हाच प्रश्न होता. आम्ही शेजारच्या घरांचा एकच दिवस ठरवला. ज्यांच्या गावठी कोंबड्या आहेत त्यांनाही बोलवा, कारण रोग कुंपण बघून येत नाही. त्यांच्या कोंबड्यांना लस नसेल तर तुमच्या पिल्लांनाही धोका. कुपी फोडली की दोन तासांत संपवायची, उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. दवाखान्यापासून घरापर्यंत बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणा.

आजऱ्याहून

यात वेळापत्रकाची भर घालते. मरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस पिल्लू निघाल्या दिवशी केंद्रावरच देतात, दिली का ते विचारून घ्या. सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीचीच थेंबांची लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरो या रोगाची लस. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस, आणि आठव्या आठवड्यात मानमोडीचं आर-टू-बी इंजेक्शन. आधी पशुवैद्यकांना दाखवा, तुमच्या भागात काय चाललं आहे ते पाहून ते तारखा मागेपुढे करतील. मोठ्या पक्ष्यांना लासोटा पाण्यातून देणार असाल तर ते पाणी नळाचं क्लोरीनवालं नको. विहिरीचं घ्या आणि लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घाला, लस टिकते. त्याआधी दोनेक तास त्यांच्यापुढचं पाणी काढून घ्या, म्हणजे सगळ्या तहानेने पितील.

आणि ताई, पिल्लू आजारी असताना लस द्यायची नाही. एक जरी मलूल दिसलं तरी आधी त्याला वेगळं करा आणि बाकीच्यांची लस दोन-चार दिवस पुढे ढकला.