गूगलचे १५ जीबी भरले: वर्गणी भरावी की हार्ड डिस्क घ्यावी?

प्रश्न | गावभाग_सांगली
नमस्कार मंडळी. घरात चार अँड्रॉइड फोन आणि एक विंडोज लॅपटॉप. माझ्या खात्याचे १५ जीबी भरलेत आणि जीमेलवर नवी मेल येणं थांबलंय, त्यामुळे घाई आहे. स्टोरेजमध्ये बघितलं तर निम्म्याहून जास्त फोटो-व्हिडिओ, त्याखालोखाल व्हॉट्सॲपचा बॅकअप, उरलेलं जीमेल. गूगल वनचा (गूगलच्या जादा जागेची वर्गणी) १०० जीबीचा प्लॅन घ्यावा, की १ टीबीची डिस्क आणून सगळं त्यात टाकावं आणि खातं रिकामं करावं? दर महिन्याला पैसे कापले जाणं नको वाटतं. फोटोंमध्ये घरातल्या जुन्या अल्बमचे स्कॅनही आहेत, ते कुठल्याही परिस्थितीत जायला नकोत.

उत्तर | विश्रामबाग_वायफाय
खरेदीचं नंतर बघू, आधी मेल चालू करा. जीमेलच्या शोधपट्टीत इंग्रजीत लार्जर, कोलन, १०एम असं सलग टाका. १० एमबीपेक्षा मोठ्या मेल समोर येतील. नको त्या उडवा आणि ट्रॅश लगेच रिकामा करा, नाहीतर त्या ३० दिवस तिथंच राहून जागा खातात. स्पॅमही रिकामा करा. मेल यायला एवढं पुरतं.

मग व्हॉट्सॲप. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअपमध्ये जाऊन व्हिडिओ घ्यायचा पर्याय बंद करा आणि तिथूनच नवा बॅकअप घ्या. जुन्याच्या जागी नवा लहान बॅकअप बसतो. क्रम मात्र हाच ठेवा: खातं काठोकाठ भरलेलं असताना नवा बॅकअप चढत नाही, म्हणून मेलची सफाई आधी.

आता खरी गळती. गूगल फोटोजच्या बॅकअप सेटिंगमध्ये फोनवरच्या फोल्डरांची यादी असते. त्यात व्हॉट्सॲप इमेजेस चालू असेल तर सुप्रभातचं एकच चित्र दोनदा जागा खातं, एकदा फोटोजमध्ये आणि एकदा चॅट बॅकअपमध्ये. ते फोल्डर बंद करा. तिथंच क्वालिटी स्टोरेज सेव्हरवर ठेवा. त्यात फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८० पीपर्यंत खाली येतो, घरगुती वापराला भरपूर झालं. फक्त स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना हे लावू नका, ते मूळ दर्जातच राहू देत.

उत्तर | मिरज_हार्डवेअर
व्हिडिओ फोर-केमध्ये काढत असाल तर कुठलाही प्लॅन अपुराच पडणार. एच.२६४ या जुन्या व्हिडिओ-प्रकारात फोर-केचा एक मिनिट साधारण ३५० एमबी होतो, फुल एचडीचा १३०च्या आसपास. कॅमेऱ्याचं सेटिंग बदला.

डिस्क घ्याच, पण दोन गोष्टी बघून. बऱ्याच डिस्क एनटीएफएसमध्ये (विंडोजची फाइली मांडायची पद्धत) येतात आणि कित्येक अँड्रॉइड फोन ते वाचत नाहीत. आणल्या आणल्या, रिकामी असतानाच, लॅपटॉपवर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट-३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. दुसरं, फिरणारी डिस्क ओटीजीने, म्हणजे थेट फोनच्या चार्जिंगच्या जागी, लावली तर फोनकडून वीज कमी पडते, ती बंद-चालू होत राहते आणि फाइली अर्धवट राहतात. कॉपी लॅपटॉपवरूनच करा.

केबल लावून फोनवर फाइल ट्रान्सफर निवडा. कॅमेऱ्याचे फोटो डीसीआयएममध्ये, व्हॉट्सॲपचे अँड्रॉइड, मीडिया, मग व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये. कट कधीच करू नका. केबल हलली की फाइल ना इकडे ना तिकडे. काही शे फाइलींच्या टप्प्यांनी कॉपी करा, दोन्हीकडची संख्या आणि एकूण आकार जुळवा, मधूनच दोन-चार व्हिडिओ उघडून बघा.

उत्तर | कृष्णाकाठ
वरचं सगळं बरोबर, पण एकट्या डिस्कवर भिस्त ठेवायला माझा ठाम विरोध आहे. तुमचं घर गावभागात आहे. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा कृष्णेनं काय केलं ते सांगलीला सांगायला नको. आयर्विन पुलाशी पातळी चढायला लागली की माणसं, औषधं, कागदपत्रं बाहेर निघतात. कपाटातली डिस्क तिथंच राहते. वरच्या मजल्यावर ठेवली तरी घर सोडून गेल्यावर ती हाताशी नसते. आणि पूर नसला तरी डिस्क टेबलावरून पडायला एक धक्का पुरतो.

म्हणून एक प्रत घराबाहेर हवीच, आणि १०० जीबीचे पैसे त्याच्यासाठी द्यायचे. महिन्याला १३० किंवा वर्षाला १३०० रुपये. जागा वाढते हा वरचा फायदा. हाच प्लॅन कुटुंबातल्या आणखी पाच जणांना वाटता येतो. प्रत्येकाचे स्वतःचे १५ जीबी आधी वापरले जातात, ते भरले की सामायिक जागा लागते, आणि एकमेकांचे फोटो कुणाला दिसत नाहीत. चार फोनांना एक प्लॅन पुरेल.

स्कॅनची मात्र तिसरी प्रत करा. दुसरी लहान डिस्क विट्याला किंवा तासगावला नातेवाइकांकडे ठेवा, दिवाळीला गेलात की नवे फोटो भरा. ती एसएसडी (न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर वर्षानुवर्षं न जोडता ठेवू नका. वीज न मिळता फार काळ पडून राहिली तर त्यातला डेटा खराब होऊ शकतो.

गावभाग_सांगली
पटलं, डिस्क आणि प्लॅन दोन्ही घेतो. दोन शंका. फोटोज ॲपमधून फोटो उडवला तर फोनमधला राहतो का? आणि गूगलवरचं सगळं एकदम डिस्कवर कसं घ्यायचं?

उत्तर | विश्रामबाग_वायफाय
राहत नाही. बॅकअप चालू असलेल्या फोनवर डिलीट दाबलं की खात्यातून आणि फोनमधून, दोन्हीकडून जातो. ट्रॅशमध्ये ६० दिवस सापडतो, नंतर कायमचा गेला. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर 'फ्री अप स्पेस' वापरा, त्यात खात्यातली प्रत शिल्लक राहते. या दोन बटणांतल्या गोंधळात लोकांचे सर्वांत जास्त फोटो जातात, घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

एकदम उतरवायला गूगल टेकआउट. त्यात फक्त फोटोज निवडा आणि झिपचा आकार १० जीबी ठेवा. ५०ची एकच फाइल मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून उतरवावी लागते. लिंक साधारण आठवडाभरच चालते. फोटोंबरोबर जेसन नावाच्या छोट्या फाइली येतात, त्या कचरा समजून फेकू नका. कॅमेऱ्याच्या फोटोत तारीख आतच असते, व्हॉट्सॲपच्या फोटोत नसते. तिथं ती त्या जेसनमध्ये किंवा नावात सापडते: आयएमजी-२०१९०८०७-डब्ल्यूए००१२ म्हणजे ७ ऑगस्ट २०१९. म्हणून त्या फाइलींची नावं बदलू नका.

उत्तर | साताराकर_ॲप्स
पैसे कापले जाण्याबद्दल. वार्षिक प्लॅन घ्या, म्हणजे वर्षातून एकदाच लक्ष द्यावं लागेल. यूपीआय ऑटोपे असेल तर पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायलाच हवी, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती वाचायची सवय ठेवा. ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये जाऊन रद्द करावी लागते, आणि यूपीआय ॲपच्या ऑटोपे यादीतही मँडेट (पैसे कापायची परवानगी) गेलंय का ते बघायचं.

प्लॅन बंद पडला तर फोटो लगेच उडत नाहीत, पण नवे चढत नाहीत आणि मेल पुन्हा अडते. दोन वर्षं मर्यादेच्या वर राहिलात तर मात्र गूगल फोटोंसकट सगळं काढून टाकू शकतं. तेव्हा प्लॅन सोडायचा झाला तर आधी टेकआउट घ्या, मोजणी जुळवा, मगच रद्द करा.