इंजिनिअरिंगचं कॉलेज कसं निवडलंत? इंदूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

सुदामानगरची_आई

नमस्कार मंडळी. लेकीचा जेईई मेनचा एप्रिलचा निकाल आला, ९६ च्या वर पर्सेंटाइल आहे, रँक ५० हजारांच्या थोडी पुढे, आणि तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर एक दोनशे पानी वही उघडीच पडलेली आहे. तिनं पेन्सिलनं कॉलेजांची यादी केलीय आणि रोज संध्याकाळी घरातलं कुणीतरी त्यात खाडाखोड करतं. हे म्हणतात कम्प्युटरच घे, कॉलेज कुठलंही चालेल. सासरे म्हणतात घराजवळ जीएसआयटीएससारखं कॉलेज असताना बाहेर जायचंच कशाला. आणि पोरीला स्वतःला इलेक्ट्रॉनिक्स आवडतं, बारावीचे पेपर संपल्यावर तिनं माळ्यावरचा आजोबांचा बंद पडलेला रेडिओ काढून चार दिवस खपून चालू केला, पण ते कुणी विचारातच घेत नाहीये.

जोसाची (एनआयटी, ट्रिपल आयटीच्या देशभरातल्या प्रवेशांची) यादी वेगळी, मध्य प्रदेशच्या डीटीईची (राज्यातल्या कॉलेजांच्या प्रवेशांची) वेगळी, त्यावर खासगी विद्यापीठांचे फॉर्म, प्रत्येकाची फी आणि शेवटची तारीख वेगळी. म्हणून हा धागा. तुम्ही किंवा तुमच्या मुलांनी कॉलेजं कशी निवडली, कुठे चुकलं, कुठे बरोबर आलं, ते सविस्तर लिहा. अमुक कॉलेज भारी नि तमुक बेकार असं नको, तुमच्या घरी काय घडलं ते हवंय.

रामबाग_९४

आमच्या वेळी जेईई मेन वगैरे नव्हतं, व्यापमची पीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) असायची, आणि घरात बोलली जाणारी नावं मोजून सहा. इंदूरचं जीएसआयटीएस, भोपाळचं मॅक्ट (२००२ मध्ये एनआयटी झालं तेच आताचं मॅनिट), जबलपूर, ग्वाल्हेरचं माधव इन्स्टिट्यूट, विदिशा आणि उज्जैन. निवड सोपी होती असं आता सगळे म्हणतात पण तशी नव्हती, कारण माहिती देणारं कुणी नव्हतं. मला सिव्हिल हवं होतं. काका म्हणाले सिव्हिलवाला उन्हात उभा राहतो, मेकॅनिकल घे. घेतलं. चार वर्षं जीएसआयटीएसच्या वर्कशॉपमध्ये मन लावून काम केलं, नोकरीही चांगली लागली, पण आजही एखादा पूल बांधायचं काम चालू दिसलं की मी गाडी बाजूला लावून बघत उभा राहतो. ताई, रेडिओवाली गोष्ट तुम्ही दोन ओळीत सांगून टाकलीत, पण सगळ्यात महत्त्वाची तीच आहे.

फ्लोट_केलेली

मी २०१९ ची. माझा अनुभव नीट लिहिते कारण ही चूक अजूनही मुलं करतात.

जोसात चॉइस कितीही भरता येतात, मी ६४ भरल्या होत्या. क्रम कसा लावला तर एका सीनियरनं आदल्या वर्षीच्या क्लोजिंग रँकची (शेवटची जागा ज्या रँकला गेली तिची) एक्सेल शीट दिली होती, ती रँकप्रमाणे सॉर्ट केली आणि तशीच्या तशी उतरवली. म्हणजे जिथे गर्दी जास्त ते वर, मला तिथे जायचंय का हा प्रश्न ६४ पैकी एकाही ओळीपाशी मी स्वतःला विचारला नाही. पहिल्याच राउंडला मॅनिटचं इलेक्ट्रिकल मिळालं, होम स्टेटच्या, म्हणजे आपल्याच राज्याच्या, मुलींच्या जागेतून. घरी पेढे वाटले. भोपाळ म्हणजे चार तासांचा रस्ता, शनिवारी निघालं तर रविवारी रात्री परत. मग फ्रीझ (हीच सीट पक्की), फ्लोट (यादीतली वरची कुठलीही मिळाली तर चालेल) की स्लाइड (त्याच कॉलेजात वरची ब्रँच मिळाली तर चालेल) असं विचारलं तेव्हा मी फ्लोट केलं, सगळे म्हणत होते फ्लोट कर, काय जातंय, सीट तर हातात आहेच.

इथेच लक्ष द्या. फ्लोट म्हणजे हातातली सीट धरून ठेवणं नाही. यादीत तिच्या वर असलेली कुठलीही चॉइस पुढच्या राउंडला मिळाली की ती आपोआप तुमची आणि आधीची गेली, तुम्हाला विचारत नाहीत. माझ्या यादीत मॅनिट इलेक्ट्रिकलच्या वर ईशान्येकडच्या एका एनआयटीचं कम्प्युटर होतं. पुढच्या एका राउंडला संध्याकाळी लॉगिन केलं तर तेच समोर आलं. आई मागे उभी होती, तिला आधी वाटलं बढती झाली, तिनं विचारलं हे कुठे आलं गं, मी नकाशा उघडला आणि ती काही न बोलता खुर्चीवर बसली. बाबांनी परत भोपाळ मिळेल का म्हणून हेल्पलाइनला कितीतरी फोन केले. नाही मिळत.

गेले मी तिकडे. शिक्षक चांगले मिळाले, मैत्रिणी जन्माच्या मिळाल्या, नोकरी आहे. पण वर्षातून दोनदाच घरी यायचे, चार वर्षांत एकही गणपती घरी झाला नाही. कॉलेजचा काही दोष नाही, यादी माझी होती. लेकीला एवढंच करायला सांगा, यादीतल्या कुठल्याही दोन ओळी घे आणि स्वतःला विचार, खालची मिळालेली असताना वरची मिळाली तर मी खूश होईन का? नाही असं उत्तर आलं तर तिथल्या तिथे अदलाबदल. आणि अशक्य वाटणारं कॉलेज मनापासून हवं असेल तर खुशाल पहिल्या नंबरवर टाका, त्यानं खालच्या चॉइसचं नुकसान होत नाही.

भंवरकुआं_ते_कोटा

मी अकरावी-बारावी कोट्याला केली, शाळेतलं नावही राजस्थानच्याच एका शाळेत. तेव्हा कुणी सांगितलं नाही की एनआयटीत अर्ध्या जागा होम स्टेटच्या असतात आणि होम स्टेट ठरतं ते बारावी जिथून पास केली त्या राज्यावरून, तुमच्या मूल निवासी दाखल्यावरून नाही. जन्म इंदूरचा, चार पिढ्या इंदूरच्या, पण मॅनिटसाठी मी बाहेरच्या राज्याचा. त्याच रँकवर माझ्या इंदूरच्या शाळेतल्या मित्राला भोपाळला मेकॅनिकल मिळालं, मला नाही मिळालं. माझं होम स्टेट राजस्थान म्हणून मग जयपूरचं एनआयटी यादीत वर घेतलं आणि तिथे मिळालं, तेही उत्तम आहे, तक्रार नाही. पण हा निर्णय दहावीच्या सुट्टीत क्लासच्या बसपासवर सही करताना घेतला गेला होता आणि आम्हाला ते दोन वर्षांनी कळलं. ज्यांची मुलं आता दहावीत आहेत त्यांनी वाचून ठेवा. आणखी एक, ग्वाल्हेर आणि जबलपूरच्या ट्रिपल आयटी आपल्या राज्यात असल्या तरी तिथे होम स्टेट कोटा नाही, सगळी ऑल इंडिया रँक.

टिळकनगरचे_बाबा

आमचं वेगळंच. घरात पहिल्यापासून पुणे पुणे. माझी बहीण कोथरूडला, आजोळ सदाशिव पेठेत, मुलगा लहानपणापासून म्हणायचा मी पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजला जाणार, १८५४ चं कॉलेज आहे हे त्याला तारखेसकट पाठ. बारावीला माहितीपत्रक वाचायला घेतलं तेव्हा कळलं की दहावी-बारावी महाराष्ट्रात नाही, आमचा दोघांचा डोमिसाइल तिकडचा नाही, म्हणजे महाराष्ट्राच्या जागांवर आपण बसतच नाही. घरात मराठी बोलतो, गुढी उभारतो, मुलगा मोडी वाचायला शिकला, पण फॉर्मवर आपण परराज्यातले. मला फार लागलं ते, खरं सांगतो. तिकडच्या खासगी कॉलेजांत १५ टक्के ऑल इंडिया जागा जेईईवर भरतात, तो रस्ता होता. आम्ही इंदूर-पुणे गाडीनं गेलो, तीन कॉलेजं पाहिली, बहिणीच्या घरी जेवणानंतर कागदावर चार वर्षांची फी, खोली, मेस, जाणं-येणं मांडलं. बेरीज बघून मुलगा काही बोलला नाही.

इकडे त्याला डीटीईतून जीएसआयटीएस मिळत होतं, आणि मुख्यमंत्री मेधावी योजनेत बसत होता. ही योजना २०१७ ची, एमपी बोर्डात ७० टक्के किंवा सीबीएसईत ८५ टक्के आणि जेईई मेनची रँक दीड लाखाच्या आत असेल आणि उत्पन्न मर्यादेत असेल तर फी सरकार भरतं. परतीच्या गाडीत बडोद्याच्या पुढे कधीतरी वरच्या बर्थवरून तो म्हणाला, बाबा, पुण्याला नंतर जाऊ. आता तिथेच नोकरीला आहे, आत्याकडे रविवारी जेवायला जातो.

सातवा_मजला

छोटासाच अनुभव. ओबीसी एनसीएल (नॉन क्रीमी लेयर) किंवा ईडब्ल्यूएस असेल तर सर्टिफिकेट त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतरचं लागतं. आमचं मार्चचं होतं. वीस दिवसांनी जुनं, एवढंच. तहसीलच्या चकरा मारून शेवटच्या दिवशी नवीन मिळालं म्हणून निभावलं, नाहीतर भाचा जनरलमध्ये गेला असता. यादी नंतर, आधी कागद काढून तारखा बघा.

ज्योती_मावशी

आणि बारावीचे मार्क! एनआयटी-ट्रिपल आयटीला बारावीत ७५ टक्के लागतात किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव लागतं. आमच्या शेजारच्या मुलाची रँक सुंदर होती पण क्लासच्या नादात बारावीकडे पाहिलंच नाही, ७१ आले. तो निकाल लागला त्या दिवशी त्यांच्या घरातून आवाज नाही आला दिवसभर. शेवटी डीटीईतून आयईटीला, इथल्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजला गेला, खंडवा रोडला, बराच रमला तिथे. पण ते दोन महिने त्या माउलीनं कसे काढले ते मी पाहिलंय.

पहिली_बॅच_२००९

मी आयआयटी इंदूरच्या पहिल्या बॅचचा. तेव्हा सिमरोलला, आता कॅम्पस आहे तिथे, काही नव्हतं, आमचे वर्ग आयईटीच्या आवारात भरायचे, तीनच ब्रँच, कम्प्युटर, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल. माझ्या रँकवर जुन्या आयआयटीत मला नको असलेली ब्रँच मिळत होती किंवा इथे हवी असलेली. नातेवाईक विचारायचे, कॉलेज आहे कुठे? दाखवायला स्वतःची इमारत नव्हती. आयआयटी बॉम्बे मेंटॉर होती, त्यावर विश्वास ठेवला आणि इथे घेतलं. प्रयोगशाळेतलं मशीन खोक्यातून काढण्यापासून आम्ही तिथे होतो, प्राध्यापकांबरोबर फरशीवर बसून मॅन्युअल वाचलंय. इतक्या जवळून शिकायला दुसरीकडे मिळालं नसतं असं मला वाटतं. पण हे सगळ्यांना जमेल असं नाही, ज्याला पहिल्या दिवसापासून सगळं तयार लागतं त्यानं नव्या कॉलेजचा विचार करू नये.

आता मी मुलाखती घेतो म्हणून थोडं त्याबद्दल. कॉलेजच्या बॅनरवरचं सगळ्यात मोठं पॅकेज एका मुलाचं असतं, तुमच्या मुलीचं नाही. एनआयआरएफच्या (कॉलेजांची सरकारी क्रमवारी) साइटवर कॉलेजांनी स्वतः भरलेली माहिती पीडीएफमध्ये पडलेली असते, त्यात किती मुलांना नोकरी लागली आणि मीडियन पगार किती हे दर वर्षाचं दिलेलं असतं. ते बघा. एनबीएची (दर्जा तपासणारी संस्था) मान्यता कॉलेजला नसते, एकेका ब्रँचला असते, म्हणून ‘आमचं कॉलेज एनबीए आहे’ म्हटलं तर कुठली ब्रँच ते विचारा. आणि जमलं तर कँटीनमध्ये जाऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. पहिल्या वर्षाच्यांना अजून माहीत नसतं आणि चौथ्या वर्षाचे निघायच्या घाईत असतात.

सुदामानगरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला. फ्लोटवाल्या ताईचं झाल्यावर लेकीनं वही ओढली आणि एकेक जोडी घेऊन प्रश्न विचारत बसली, रात्री साडेबारापर्यंत. दूरच्या तीन एनआयटींचं कम्प्युटर खाली गेलं, मॅनिटचं इलेक्ट्रॉनिक्स पहिल्या नंबरवर आलं, रँक पुरेल न पुरेल. जीएसआयटीएसचं इलेक्ट्रॉनिक्स तिनं डीटीईच्या यादीत कम्प्युटरच्या वर ठेवलं, तेव्हा हे काहीतरी बोलायला लागले तर सासरेच म्हणाले, राहू दे, रेडिओ तिनं चालू केलाय. दोन नावं अशी निघाली की ती मिळाली तरी ती जाणार नाही, ती रबरानं पुसून टाकली. आता ३१ आहेत. जोसाचं मॉक अलॉटमेंट (खऱ्या राउंडआधीचं नमुन्याचं वाटप) येईल तेव्हा परत बघू. सर्टिफिकेटची तारीख बघितली, एप्रिलचीच आहे.

एकच राहिलं, जबलपूरच्या ट्रिपल आयटीत मुलींच्या हॉस्टेलला कुणाची मुलगी आहे का? ओव्हरनाइट एक्सप्रेसनं सकाळी जबलपूरला पोचल्यावर तिथून पुढे एकटीनं कसं जायचं, रिक्षा मिळते का, एवढं कुणीतरी सांगा.