अनुभव धागा: "मोबाईल नंबर सांगा" – कुणी मागितला, कशाला मागितला, पुढे काय झालं?

कुंदकळी
आईच्या थायरॉईडच्या गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून येतात. तिथे तिने कधीतरी नंबर देऊन ठेवलाय. काल तिला मेसेज आला, तुमच्या गोळ्या संपत आल्या आहेत, घरपोच पाठवू का? आई खूश. "बघ, तुमच्यापेक्षा त्यांना काळजी!" मला मात्र आमची डोंबिवलीची चाळ आठवली. अख्ख्या चाळीत फोन एकच, तळमजल्यावरच्या काकूंकडे. नोकरीच्या अर्जावर, मुलींच्या बायोडेटावर, सगळ्यांचा नंबर तोच आणि पुढे "पीपी", म्हणजे फोन शेजाऱ्यांचा. मुलाखतीचं बोलावणं, मुलाकडच्यांचा नकार, गावाकडे कोण गेलं, सगळं आधी काकूंना कळायचं. माझा बारावीचा निकालसुद्धा माझ्याआधी त्यांना माहीत होता. पण काकूंकडची बातमी नळापर्यंत जायची, फार तर पिठाच्या गिरणीपर्यंत. आईच्या थायरॉईडची बातमी आता कुठल्या गिरणीत दळली जातेय कोण जाणे.

तुमचे अनुभव लिहा. दुकान, सोसायटी, लॉज, बँक, काहीही चालेल.

टपरीवरचा
पीपी!!! कितव्या शतकात नेलंत. आमच्याकडे पीपीवाल्यांच्या दारात चप्पल काढून, हात जोडून उभं राहून बोलायचे वडील. फोनवर साहेब असला तर आणखी वाकून.

निवांत
+१. आमचे पीपीवाले दर कॉलमागे कटोरीभर साखर उसनी न्यायचे. परत आलेली आठवत नाही.

सुगरण नसलेली
मी सगळीकडे नवऱ्याचा नंबर देते. त्याला आता कुर्त्यांच्या सेलचे, फेशियलचे, बाळंतपणानंतरच्या योगाचे मेसेज येतात. संसारात काहीतरी वाटून घ्यायला हवंच ना :)

टपरीवरचा
@सुगरण नसलेली, _/\_ दंडवत

मिरजेचा दुकानदार
जरा काउंटरच्या अलीकडून लिहितो. कापडाचं दुकान आहे, नंबर आम्ही पण घेतोय. का? तर गिऱ्हाईक ब्लाऊजपीस बदलायला येतंय आणि बिल नसतंय. नंबर टाकला की बिल सापडतंय. दिवाळीला माल आला की एक मेसेज टाकतो, संपलं. उधारी तर नंबराशिवाय कशी वसूल करायची सांगा की. तुमच्या मोठ्या मॉलवाल्यांचा राग आमच्यावर काढू नका. पण एक खरं, बिलिंगचं सॉफ्टवेअर विकायला आलेला पोरगाच सांगत होता, "शेठ, डेटा जमवा, डेटाला भाव आहे." कुणाला विकायचा विचारलं तर हसला.

काळा डगला
दोन सुनावण्यांच्या मधे लिहितोय, तुटक वाटलं तर चालवून घ्या.
दुकानात नंबर देणं बंधनकारक नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने किरकोळ विक्रीवाल्यांना तशी सूचनाच काढली होती. ग्राहकाची संमती नसताना नंबरावर अडून बसणं ही अनुचित व्यापारी प्रथा. "सिस्टीम घेत नाही" हे कारण चालत नाही, सिस्टीम त्यांनीच बनवून घेतलेली असते.
आता कायद्याचं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ला सांगितलं. डेटा संरक्षण कायदा व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडला. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य जबाबदाऱ्या पाळायला कंपन्यांना त्यापुढे १८ महिने. दंड २५० कोटींपर्यंत. ऐकायला झकास. पण तो दंड सरकारजमा होतो, ज्याचा डेटा फुटला त्याच्या हातात एक रुपया पडत नाही. आयटी कायद्यातलं ४३अ कलम भरपाईची सोय करत होतं, तेही या कायद्याने काढायला घेतलंय. उलट तुम्ही खोटी किंवा उगाच तक्रार केलीत तर तुम्हाला १०,००० पर्यंत दंड. पुकारा झाला, निघतो.

निवांत
म्हणजे चोरी झालेल्याच्या घरी फक्त पंचनामा.

माहितीवाला बापू
वकीलसाहेब मुख्य मुद्दा विसरले. याच कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(ञ) बदललंय. आधी व्यापक जनहित दाखवलं तर वैयक्तिक माहिती मिळायची, ती सोय त्या कलमातूनच गेली. नुकसानापेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती द्या म्हणणारं ८(२) शिल्लक आहे म्हणतात, पण तालुक्याच्या ठिकाणी माहिती अधिकाऱ्याला ८(२) समजावता समजावता माणूस म्हातारा होतो. रस्त्याचं कंत्राट कुणाला गेलं विचारा, "वैयक्तिक माहिती". आमचा मोबाईल नंबर मात्र चण्याफुटाण्यासारखा वाटला जातोय.

वऱ्हाडी ठेचा
नागपुरात फ्लॅटची रजिस्ट्री केली. अंगठ्याची शाई गेली नव्हती बे, तर मॉड्युलर किचनवाल्याचा फोन. मग पडदेवाला. मग ग्रिलवाला. मग वास्तुशांतीवाले गुरुजी! गुरुजींना विचारलं नंबर कोठून भेटला, तर म्हणे "देवाची इच्छा". म्या म्हटलं देवाकडे फ्लॅट नंबर पण हाय का, तर सांगितला ना त्यानं, विंगसकट.

कुंदकळी
😂😂 गुरुजी जिंकले

सुगरण नसलेली
पूजा कुणाकडून केलीत मग?

वऱ्हाडी ठेचा
त्याच गुरुजीकडून. रेट बरा होता.

रातराणी
मी नेहमी वाचनमात्र असते, हे लिहावंसं वाटलं. आमच्या सोसायटीच्या गेटवर रजिस्टर असतं. नाव, मोबाईल, कुणाकडे, किती वाजता. सुतळीने बांधलेलं बॉलपेन, पान उघडंच. ट्यूशन घ्यायला येणाऱ्या एका मुलीला रात्री अनोळखी नंबरवरून मेसेज यायला लागले, "आज निळ्या ड्रेसमध्ये छान दिसत होतीस." तिच्या खालच्या ओळीत सही करणाऱ्याने नंबर बघून घेतला होता. तिने शिकवणीच सोडली. कमिटीत विषय काढला तर अध्यक्ष म्हणाले रजिस्टर सुरक्षेसाठी आहे. कुणाच्या, ते विचारायचं राहूनच जातं अशा मीटिंगमध्ये, कारण पुढचा विषय पार्किंगचा असतो.

कुंदकळी
बापरे. बरं झालं लिहिलंस. पोलिसांत गेली का ती?

रातराणी
नाही. घरच्यांनी नको म्हटलं. नंबर बदलला. आता गेटवर अॅप आलंय, रजिस्टर गेलं. अॅपमध्ये आमच्या कामवाल्या मावशींचा फोटो, आधार, कुठल्या घरी किती वाजता आल्या, किती दिवस आल्या नाहीत, त्यांना किती स्टार, सगळं आहे. मावशींना कुणी विचारलं होतं असं वाटत नाही.

निवांत
मावशींनी आम्हाला स्टार द्यायची सोय असती तर आमच्या मजल्याला शून्य.

राईनकाठचा
इथे जर्मनीत दुसरं टोक. गुगलने २०१० मध्ये रस्त्यांचे फोटो आणले तेव्हा सुमारे अडीच लाख कुटुंबांनी "आमचं घर पुसट करा" म्हणून कळवलं. त्यानंतर बरीच वर्षं गुगलने इथले फोटो ताजेच केले नाहीत, नवे आले ते २०२३ मध्ये. शेजारच्या व्हिएन्नात तर २०१८ साली एका भाडेकरूने तक्रार केली की दाराच्या घंटीवर माझं नाव कशाला? युरोपचा नवा डेटा कायदा तेव्हा नुकताच मे महिन्यात लागू झाला होता. महापालिकेच्या २ लाख २० हजार घरांवरची नावं काढून नुसते आकडे लावायचं ठरलं. शेवटी युरोपीय आयोगाला सांगावं लागलं की बाबांनो, कायद्यात असं कुठेही म्हटलेलं नाही. पण इथल्या बेकरीत मला आजवर कुणी नंबर विचारला नाही हेही खरं. पाव द्या, पैसे घ्या, चालू पडा.

टपरीवरचा
घंटीवर नाव नाही तर पोस्टमन काय करणार? आमच्या वाड्यात नुसतं "देशपांडे" लिहिलेलं पत्र बरोबर देशपांड्यांकडे जायचं, आणि वाड्यात देशपांडे तीन होते.

जुना खोडकर
रेल्वेचा चार्ट विसरलात का लोकहो? डब्याच्या दाराशी चिकटवलेला लांबलचक कागद, नाव, वय, स्त्री-पुरुष, बर्थ. आमचा उद्योग ठरलेला, आपल्या कूपेत "एफ २१" वगैरे आहे का ते बघणे. असायच्या "एफ ६४" आणि त्यांच्या दशम्या. मोठ्या स्टेशनांवर १ मार्च २०१८पासून चिकटवणं बंद झालं, तेही कागद वाचवायला.

रातराणी
काका, तुमचा जो विनोद आहे तो आमच्यासाठी सोळा तासांचा प्रवास असायचा. नाव आणि वय वाचून आलेला माणूस "अमुक मॅडम का?" म्हणत समोर येऊन बसायचा.

जुना खोडकर
कबूल. या बाजूने विचार केला नव्हता.

झेरॉक्सवाला नव्हे
माझं झेरॉक्सच्या दुकानाशेजारी ऑफिस आहे. लोक आधारची पीडीएफ त्याच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतात आणि खाली पासवर्डही लिहितात. पासवर्ड काय, तर नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. त्याच्या कॉम्प्युटरचं डाउनलोड फोल्डर उघडलं तर अख्खा प्रभाग दिसेल. एकाची प्रिंट द्यायला दुसऱ्याची फाईल उघडतो, "हे तुमचं का? नाही? मग हे?" आणि मागचे सगळे वाचतात. बिघडलेल्या प्रिंट तो फेकत नाही, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब करतो. मला दहा रुपयांचं बिल कुणाच्या तरी पॅनकार्डाच्या मागे लिहून मिळालंय.

सुगरण नसलेली
मला शेंगदाण्याची पुडी कुणाच्या तरी गृहकर्जाच्या अर्जात मिळाली होती. पगार वाचून दाणे गोड लागेनात.

मिरजेचा दुकानदार
कुणाचा जास्त होता? हलके घ्या.

अनघड
आधारची कॉपी कुठेही देऊ नका, शेवटचे चार आकडे दिसणारी मास्कवाली प्रत द्या, असं पत्रक मे २०२२ मध्ये आधारवाल्यांच्याच बंगळुरूच्या कार्यालयाने काढलं होतं. दोन दिवसांत मागे घेतलं, म्हणे लोकांचा गैरसमज होईल. म्हणजे सल्ला बरोबर होता, फक्त फार स्पष्ट होता. आणि पहिलं आधार दिलं गेलं ते आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबारच्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१०. सर्वोच्च न्यायालयाच्या आधारवरच्या २०१८च्या निकालानंतर सिमकार्डासाठी आधारची सक्ती करता येत नाही, तरी दुकानदार पहिला शब्द "आधार" हाच काढतो.

शिस्तीचा
तुम्ही लोक सगळं फुकट वापरता आणि मग रडता. ज्याला लपवायचं काही नाही त्याला कसली भीती? माझा नंबर घ्या नाहीतर रक्तगट घ्या.

निवांत
@शिस्तीचा, टाका की मग नंबर इथेच. वऱ्हाडी ठेचा, गुरुजींना कळवा.

शिस्तीचा
धाग्यावर नंबर देणं संस्थळाच्या नियमात बसत नाही.

टपरीवरचा
=))

अनघड
सरकारच्या संचार साथी अॅपचं आठवतंय ना? नोव्हेंबर २०२५च्या शेवटी फर्मान, प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासून घाला. ओरड झाली, ३ डिसेंबरला मागे. अॅप खरं तर उपयोगी आहे, चोरीचा फोन बंद करता येतो, आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते कळतं. ज्याला हवं तो घेईल. आग्रहाने वाढलेलं श्रीखंडसुद्धा नको होतं हो.

माहितीवाला बापू
सगळ्या सरकारांना...

धागापाल
राजकारणासाठी वेगळा धागा आहे. इथे अनुभवच लिहावेत. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

पेन्शनर पुणेकर
आमच्या बिल्डिंगमधल्या एका निवृत्त गृहस्थांना "डिजिटल अटक" वाल्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागे पोलीस ठाण्याचा देखावा, गणवेश, सगळं. ते घाबरले कशाने, तर गणवेशाने नाही. समोरच्याने त्यांचा जुना पत्ता, बायकोचं नाव आणि मुदतठेव कुठल्या महिन्यात पिकते ते सांगितलं. आपलं इतकं सगळं ज्याला ठाऊक तो सरकारचाच माणूस असणार, असं त्यांना वाटलं. अशी अटक कायद्यातच नाही हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४च्या मन की बातमध्ये सांगितलं होतं आणि यांनी ते ऐकलंही होतं. सुनेने भाजी आणायला म्हणून दार वाजवलं आणि फोन हिसकावून घेतला म्हणून निभावलं. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. दोन ते चारमध्ये आम्ही कुणाचाच फोन उचलत नाही, हा आमचा बचाव.

सुगरण नसलेली
दोन ते चारचं कवच 😂
बाकी भयंकर आहे हे. सुनेला माझ्यातर्फे साडी.

कुंदकळी
आईला वाचून दाखवलं हे. ती म्हणतेय मुदतठेवीचं माहीत असणारा माणूस बँकेतलाच. मी म्हटलं किंवा एजंटकडचा, किंवा अर्जाच्या कागदात शेंगदाणे खाल्लेला.

अनघड
जाता जाता, एसएमएसच्या नावापुढे आता पी, एस, टी, जी अशी अक्षरं येतात, २०२५ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) सुरू केलंय. पी म्हणजे जाहिरात, जी म्हणजे सरकारी. नको असलेल्याची तक्रार १९०९ वर, पूर्वी तीन दिवसांत करावी लागायची, आता सात. पण ही अक्षरं नोंदणीकृत पाठवणाऱ्यांच्याच मेसेजला लागतात. साध्या दहा आकडी नंबरवरून "सर, प्लॉट बघायला येता का" विचारणारी मुलगी रोज नव्या सिमवरून बोलते.

मिरजेचा दुकानदार
त्या मुलीला पण महिन्याला टार्गेट असतंय ओ. माझी भाची करत होती ते काम. शंभर जण शिव्या देतात, एक जण बघायला येतो. तिच्या हातात यादी यायची छापील, नाव, नंबर आणि पुढे "कार आहे", "मुलगी लग्नाची". यादी कुठून आली ते तिलाही माहीत नव्हतं. सोडली तिने नोकरी, आता माझ्याच दुकानात बसते. आणि हो, आजपासून नंबर विचारताना "द्यायचा असला तर" म्हणायला सांगितलंय तिला. निम्मे लोक तरी देतातच.

पेन्शनर पुणेकर
ते मास्कवालं आधार कुठून काढायचं? नातवाला विचारलं तर "आजोबा, सोप्पंय" म्हणून निघून गेला.

अनघड
काका, आधारच्या संकेतस्थळावर डाउनलोडला जायचं, ओटीपीच्या वेळी "मास्क्ड आधार हवं का" अशी चौकट येते, तिथे खूण करायची. पीडीएफमध्ये पहिले आठ आकडे फुल्या येतील.

पेन्शनर पुणेकर
ओटीपी जुन्या नंबरवर जातोय. तो नंबर आता कुणाकडे आहे?

वऱ्हाडी ठेचा
गुरुजीले विचारू का?

सुगरण नसलेली
कुंदकळी, थायरॉईडची गोळी उपाशीपोटी आणि चहाआधी घेतात ना आई? माझ्या सासूबाई चहाबरोबर घ्यायच्या, डॉक्टर ओरडले. व्यनि (खाजगी निरोप) करते.