चोरल स्थानकाचे पुढे काय करता येईल?

माळव्यातील सायकलस्वार
नमस्कार. मध्य प्रदेशातील महू ते ओंकारेश्वर रोड ही मीटरगेज (एक मीटर रुंदीच्या रुळांवरची) गाडी 2023 मध्ये बंद झाली. आता पातालपाणी ते कालाकुंड एवढ्याच टप्प्यात वारसा गाडी धावते आणि ब्रॉडगेजसाठी (अधिक रुंद रुळांसाठी) घाटात नवी आखणी झाली आहे. ज्या मार्गासाठी इंदूरचे संस्थानिक तुकोजीराव होळकर (द्वितीय) यांनी एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने 101 वर्षांच्या मुदतीवर दिले, त्याचा कालाकुंडपुढचा भाग असाच झुडपांत जाऊ द्यायचा का, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. त्यावर पायी व सायकलने जाण्याची वाट झाली, तर याच भागातील चोरल स्थानकाच्या इमारतीत नेमके काय असावे?

घाटवाट, इंदूर
न्यूझीलंडमधील ओटागो सेंट्रल रेल ट्रेल ही बंद रेल्वेमार्गावरची पायी-सायकलची वाट 2000 मध्ये खुली झाली. 152 किलोमीटरच्या त्या वाटेवरील रॅनफर्लीच्या जुन्या स्थानकात आज पर्यटक माहिती केंद्र आहे. स्पेनमध्ये ओल्वेरा ते प्वेर्तो सेरानो या 36 किलोमीटरच्या मार्गावर तर गाडी कधी धावलीच नाही, तरी तिथली स्थानके उपाहारगृहे आणि मुक्कामाची ठिकाणे म्हणून चालतात. माझ्या मते चोरललाही पाणी, स्वच्छतागृह, सावली आणि पंक्चर काढण्याची सोय आधी हवी. छायाचित्रांचे दालन नंतर करता येईल.

रेल्वे बांधकामातून निवृत्त
पातालपाणी-कालाकुंड घाटाचा चढ 40 स 1 आहे, म्हणजे 40 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर उंची वाढते. गाडीला तो इतका अवघड, की कालाकुंडला मागून दुसरे इंजिन जोडावे लागे. चालणाऱ्याला मात्र तो फारसा जाणवत नाही. पुढच्या मार्गावर खरे काम निराळे आहे. रूळ काढल्यावर उरणाऱ्या मोठ्या खडीवर सायकल चालत नाही, म्हणून वर बारीक मुरूम दाबून बसवावा लागतो, बाजूचे नाले मोकळे करावे लागतात आणि पुलांवर फळ्या व कठडे घालावे लागतात. इमारतीच्या बाबतीत कळकळीची विनंती आहे: चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नये. ओल आत कोंडते, काही पावसाळ्यांत गिलावा फुगून सुटतो आणि येताना दगडविटांचे पापुद्रेही घेऊन येतो. चुन्याचा गिलावा महाग वाटला, तरी तोच करावा.

महूची रहिवासी
कालाकुंडला गाडी थांबली की पळसाच्या पानावर कलाकंद घेऊन विक्रेते डब्यापाशी येत. प्रवासी त्या स्थानकाची आठवण काढतात ती त्यासाठीच. चोरलला उपाहारगृह निघाले, तर त्याचा ठेका बाहेरच्या कंत्राटदाराला न देता आसपासच्या गावांतील महिला बचत गटांना द्यावा आणि ती अट निविदेतच लिहावी. निवेदन तयार होत असेल, तर हा मुद्दा त्यात अवश्य घ्यावा. सही करायला मी तयार आहे.